वाचकांचे प्रश्न : श्रीमंत आणि गरीब देशांना म्हणायचे तरी काय?

मागील अंकात हवामान निधीच्या वाटपावर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे निधीविषयी नव्हती, तर देशांना लावल्या जाणाऱ्या विशेषणांविषयी होती. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. आम्ही शिकलो तेव्हा ‘तिसरे जग’ होते, नंतर ‘विकसनशील देश’ आले आणि आता वर्तमानपत्रांत ‘ग्लोबल साउथ’ वाचायला मिळते. ‘तिसरे जग’ म्हणणे अपमानास्पद आहे, असे एका विद्यार्थ्याने मला सांगितले. ते खरे आहे का, आणि मुलांना कोणता शब्द सांगावा?

उत्तर : ‘तिसरे’ म्हणजे तिसऱ्या दर्जाचे, हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ आल्फ्रेड सोव्ही यांनी १४ ऑगस्ट १९५२ रोजी ‘लॉब्झर्व्हातर’ या साप्ताहिकातील लेखात तो वापरला, तेव्हा त्यांच्या मनात फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वीची समाजरचना होती. धर्मगुरू हा पहिला वर्ग, सरदार-उमराव हा दुसरा, आणि कर भरणारी पण राज्यकारभारात जिच्या शब्दाला किंमत नव्हती अशी उरलेली सगळी रयत हा तिसरा वर्ग. या तिसऱ्या वर्गाविषयी १७८९ मध्ये फ्रेंच धर्मगुरू आबे सिएस यांनी लिहिले होते की तो म्हणजेच सर्व काही आहे, आजवर त्याला कसलेही स्थान मिळालेले नाही, आणि त्याला आता काहीतरी व्हायचे आहे. सोव्ही यांनी हाच दावा वसाहतवादातून बाहेर पडणाऱ्या देशांच्या तोंडी घातला. अमेरिकेच्या गोटातले देश हे पहिले जग आणि सोव्हिएत गोटातले हे दुसरे, ही वाटणी गटांची होती, पैशाची नव्हती. त्यामुळे तेलाने गब्बर झालेला सौदी अरेबियाही तिसऱ्या जगात मोजला जाई आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नसे.

अपमान शोधायचाच असेल तर तो त्याच्या तीन वर्षे आधीच्या शब्दात अधिक सापडेल. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी २० जानेवारी १९४९ रोजी शपथविधीच्या भाषणात ‘अविकसित प्रदेशां’ना तांत्रिक मदत देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. भाषणातील चौथा मुद्दा म्हणून तो कार्यक्रम ओळखला जातो. हेतू वाईट होता असे मला म्हणायचे नाही, पण बोलिव्हियापासून ब्रह्मदेशापर्यंतचे वेगवेगळ्या इतिहासांचे समाज त्या दिवसापासून एका रांगेत उभे राहिले, आणि त्या रांगेच्या टोकाला अमेरिका होती. पुढे ‘अविकसित’चे ‘अल्पविकसित’ झाले आणि साठच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत ‘विकसनशील’ रुळले. दर वेळी शब्द थोडा सौम्य झाला, रांग मात्र तशीच राहिली.

‘तिसरे जग’ या शब्दाने रांगेत उभे राहण्याऐवजी वेगळी बैठक मांडली, हे त्याचे वैशिष्ट्य. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया आणि आफ्रिकेतील २९ देश एकत्र आले. सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्ततावादी देशांची पहिली शिखर परिषद झाली. १९६४ मध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद भरली, तेव्हा तिचे सूत्रधार होते अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश. कच्चा माल विकून यंत्रे घेणाऱ्या देशाला कालांतराने तितक्याच यंत्रांसाठी अधिकाधिक माल द्यावा लागतो, हा त्यांचा सिद्धान्त होता. त्या परिषदेच्या अखेरीस, १५ जून १९६४ रोजी, ७७ देशांचा गट स्थापन झाला. आज त्याचे १३४ सदस्य आहेत आणि नाव अजूनही ‘७७ चा गट’च आहे. याच गटाच्या जोरावर १ मे १९७४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेची घोषणा संमत झाली. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्ज फेडणे जमत नसल्याचे कळवले आणि कर्जाच्या ओझ्याखाली तो जोर ओसरला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, दुसरे जग उरले नाही, आणि मग तिसऱ्याला ‘तिसरे’ का म्हणायचे, हेही सांगता येईना. ‘तिसऱ्या दर्जाचे’ हा अर्थ मोकळ्या जागेत घुसला तो याच काळात.

‘ग्लोबल साउथ’ हा शब्दही नवा नाही. अमेरिकी लेखक कार्ल ओग्लेस्बी यांनी १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या संदर्भात तो वापरला होता. आपल्याकडे तो घरोघरी पोहोचला तो जानेवारी २०२३ मध्ये, भारताने १२५ देशांची दूरदृश्य परिषद त्या नावाने भरवली तेव्हा. त्या परिषदेला चीनला निमंत्रण नव्हते. चीन मात्र स्वतःला ग्लोबल साउथचा नैसर्गिक सदस्य म्हणवतो. ही चढाओढ नव्यानेच सुरू झालेली नाही. एप्रिल १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत बोलताना चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांनी तीन जगांची माओप्रणीत मांडणी केली होती. तिच्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघेही पहिल्या जगात होते आणि चीन तिसऱ्यात होता.

मुलांना कोणता शब्द सांगावा? माझ्या मते शब्दाबरोबर साल सांगावे. बांडुंग आणि अलिप्तता शिकवताना ‘तिसरे जग’ हाच अचूक शब्द आहे. तेथे ‘ग्लोबल साउथ’ घालणे म्हणजे त्या पिढीच्या तोंडी तिने न वापरलेला शब्द घालणे होय. आजच्या दारिद्र्याविषयी शिकवताना मात्र ‘तिसरे जग’ हा शब्द टाळावा. अपमान होतो म्हणून नव्हे, तर आज त्यातून कोणत्या देशांविषयी बोलतो आहोत हेच कळत नाही म्हणून.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करत आहे. वेगवेगळ्या मार्गदर्शकांत विकसनशील देशांची वेगवेगळी संख्या सापडते. अधिकृत यादी कोणती धरावी?

उत्तर : ‘कोणत्या कार्यालयाची?’ हा प्रतिप्रश्न केल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. देशांचे हे वर्गीकरण आपल्याकडच्या शिधापत्रिकेच्या रंगासारखे आहे. पिवळी, केशरी की पांढरी यापेक्षा तिच्यावर काय आणि किती मिळते याला महत्त्व, आणि रंग ठरवणारे कार्यालय बदलले की निकषही बदलतात.

जागतिक व्यापार संघटनेत ‘विकसनशील’ची व्याख्याच नाही. देशाने स्वतः सांगायचे आणि इतरांनी हवी तर हरकत घ्यायची, अशी पद्धत आहे. म्हणूनच सिंगापूर आणि दक्षिण कोरिया यांच्यासारखे श्रीमंत देशही तेथे वर्षानुवर्षे विकसनशील म्हणवून घेत राहिले. अमेरिकेच्या दबावानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण कोरियाने पुढील वाटाघाटींत या दर्जाच्या सवलती मागणार नसल्याचे जाहीर केले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चीननेही तशीच घोषणा केली. यातील बारकावा परीक्षेसाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे : चीनने नव्या सवलतींवर पाणी सोडले आहे, ‘विकसनशील’ हे बिरुद सोडलेले नाही.

जागतिक बँक दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावरून देशांचे चार गट करते आणि दर वर्षी १ जुलैला ते नव्याने जाहीर करते. जुलै २०२५ च्या यादीत १,१३५ डॉलरपर्यंतचे देश अल्प उत्पन्नाचे, ४,४९५ पर्यंतचे निम्न-मध्यम, १३,९३५ पर्यंतचे उच्च-मध्यम आणि त्यावरचे उच्च उत्पन्नाचे असे गट होते. या सीमा ऐंशीच्या दशकात आखल्या गेल्या आणि पुढे महागाईच्या प्रमाणात सरकवल्या गेल्या. १३,९३५ डॉलरला माणूस सुखी होतो आणि १३,९३४ ला होत नाही, असा शोध कोणी लावलेला नाही. तेल सापडल्यावर गयाना २०२३ मध्ये थेट उच्च उत्पन्न गटात गेला. श्रीलंका २०१९ मध्ये उच्च-मध्यम गटात चढला आणि पुढच्याच वर्षी खाली आला. बँकेने २०१६ पासून आपल्या विकास निर्देशांकांच्या संकलनात ‘विकसित’ आणि ‘विकसनशील’ ही विभागणी करणे सोडून दिले, हेही नोंदवून ठेवावे.

काटेकोर निकष असलेली एकच राजकीय यादी आहे, ती संयुक्त राष्ट्रांची ‘सर्वांत कमी विकसित देशां’ची. १९७१ मध्ये तीत २५ देश होते, आज ४४ आहेत. दरडोई उत्पन्न, आरोग्य आणि शिक्षण यांची स्थिती, आणि आर्थिक व पर्यावरणीय आघात सोसण्याची क्षमता या तीन कसोट्यांवर दर तीन वर्षांनी तपासणी होते. आत येण्यासाठी देशाची संमती लागते, आणि घाना, झिंबाब्वे व पापुआ न्यू गिनी यांनी पात्र ठरूनही या यादीत येण्यास नकार दिला. सवलती मिळत असताना नकार दिला जातो, यावरून विशेषणाचे वजन किती असते ते दिसते. साडेसात कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशाला नव्याने घेत नाहीत. बांगलादेश १९७५ मध्ये, हा नियम होण्याआधीच, आत आलेला होता. बाहेर पडणारा पहिला देश बोत्स्वाना, १९९४ मध्ये. विषुववृत्तीय गिनी २०१७ मध्ये बाहेर पडला तो केवळ तेलाच्या उत्पन्नामुळे. आरोग्य आणि शिक्षणाच्या कसोटीत तो बसतच नव्हता.

हवामान बदलाच्या १९९२ च्या करारात तर यादी परिशिष्टात छापूनच टाकली. अधिक जबाबदारी उचलायच्या देशांच्या त्या पहिल्या परिशिष्टात तुर्कस्तान आहे. कतार, सिंगापूर, दक्षिण कोरिया आणि सौदी अरेबिया नाहीत. तीस वर्षांत जग कुठल्या कुठे गेले आणि परिशिष्ट तेथेच राहिले. २०१५ च्या पॅरिस करारात ‘विकसित’ आणि ‘विकसनशील’ हे शब्द आहेत, पण त्यांच्यामागे यादी जोडलेली नाही, ही वाटाघाटी करणाऱ्यांची चतुराई म्हणायची की पळवाट, हे आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत त्यावर ठरेल.

परीक्षेत संख्या विचारलीच, तर संस्थेचे नाव आणि वर्ष लिहिल्याशिवाय ती लिहू नये, एवढेच सांगतो.

प्रश्न : भारत आज जगातील पहिल्या पाच अर्थव्यवस्थांत आहे. तरीही आपण आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर स्वतःला ‘विकसनशील’ म्हणवतो आणि सवलती मागतो. हे स्वाभिमानाला शोभते का? (एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक)

उत्तर : पहिल्या पाचांतील स्थान एकूण उत्पन्नाचे आहे. ते उत्पन्न एकशे चाळीस कोटी माणसांत विभागले की दरडोई अडीच हजार डॉलरच्या थोडे वर, म्हणजे जागतिक बँकेच्या निम्न-मध्यम गटात, आपण असतो. २००७ च्या उत्पन्नावरून आपण अल्प उत्पन्न गटातून वर सरकलो. दोन्ही आकडे खरे आहेत. सभेत पहिला आणि वाटाघाटीत दुसरा सांगणे यात खोटेपणा नाही, मात्र ऐकणाऱ्यालाही दोन्ही ठाऊक असतात.

सवलत या शब्दाने आपल्याला खटकले असावे, म्हणून एक जुने उदाहरण देतो. डंकेल प्रस्तावावरून, म्हणजे नव्या जागतिक व्यापार कराराच्या मसुद्यावरून, नव्वदच्या दशकात गावोगावी झालेल्या सभा आपल्याला आठवत असतील. त्यातून आलेल्या बौद्धिक संपदा करारात औषधाच्या रेणूवरच पेटंट देणे सर्वांना बंधनकारक झाले, परंतु विकसनशील देशांपैकी ज्यांच्याकडे असे पेटंट आधी नव्हते त्यांना त्यासाठी १ जानेवारी २००५ पर्यंत मुदत मिळाली. आपल्या १९७० च्या कायद्यात औषधाच्या केवळ कृतीला पेटंट होते, म्हणून भारतीय कंपन्या वेगळ्या कृतीने तेच औषध बनवू शकत होत्या. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा संच स्वयंसेवी वैद्यकीय संस्थेला दर रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतील असंख्य रुग्णांच्या हाती पुढे जी औषधे पोहोचली, त्यांच्यामागे ‘विकसनशील’ या एका विशेषणाने मिळालेली दहा वर्षांची मुदत होती. यात शरमेचे काय आहे, ते मला तरी कळलेले नाही.

शेतीच्या बाबतीत तर हे विशेषण थेट शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येते. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार व्यापार विकृत करणारे मानले जाणारे अनुदान विकसित देशाला उत्पादनमूल्याच्या पाच टक्क्यांपर्यंत चालते, विकसनशील देशाला दहा टक्क्यांपर्यंत. खते, पाणी, वीज यांच्यावर गरीब शेतकऱ्याला दिलेले अनुदान विकसनशील देशाच्या हिशेबात धरले जात नाही. भाताच्या बाबतीत आपण दहा टक्क्यांची मर्यादाही ओलांडली आहे आणि २०१३ च्या बाली परिषदेत मिळालेल्या ‘शांतता कलमा’चा, म्हणजे मर्यादा ओलांडल्याबद्दल इतर देशांनी दावा न लावण्याच्या हमीचा, आधार घेतला आहे. तेही कलम विकसनशील देशांच्या धान्यसाठ्यांसाठीच आहे. उद्या स्वाभिमानाने हे विशेषण सोडले, तर हमीभावाने खरेदी आणि रेशनचे धान्य या दोन्हींचा हिशेब पाच टक्क्यांच्या फुटपट्टीने द्यावा लागेल.

आपल्या म्हणण्यातील एक भाग मात्र मला मान्य आहे. दुसऱ्याने स्वेच्छेने दिलेली सवलत तो हवी तेव्हा काढून घेतो. गरीब देशांच्या मालाला कमी शुल्कात प्रवेश द्यावा, हा ठराव १९६८ मध्ये नवी दिल्लीतच भरलेल्या व्यापार आणि विकास परिषदेत झाला. त्याच योजनेतून अमेरिकेने ५ जून २०१९ रोजी भारताला वगळले, आणि आपल्याला तक्रार करण्यापलीकडे फारसे काही करता आले नाही. करारात लिहिलेला हक्क आणि कोणाच्या तरी मर्जीवर टिकलेली सूट या दोन गोष्टींना आपण एकाच ‘सवलत’ या शब्दाने ओळखतो, तेथे घोळ होतो. पहिला टिकवावा, दुसरीवर विसंबू नये. आणि देणाऱ्याच्या भूमिकेतही आपण आहोतच : सर्वांत कमी विकसित देशांच्या मालाला शुल्कमुक्त प्रवेश देण्याची योजना भारताने २००८ मध्ये स्वतः जाहीर केली आहे.

प्रश्न : मी मेलबर्नला राहते. माझी मुलगी शाळेतून विचारत आली की ऑस्ट्रेलिया दक्षिणेला असून ‘साउथ’मध्ये का नाही?

उत्तर : पश्चिम जर्मनीचे माजी चान्सलर विली ब्रांट यांच्या अध्यक्षतेखाली १९७७ मध्ये नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या मुखपृष्ठावरील नकाशात श्रीमंत व गरीब देशांना विभागणारी एक रेघ होती. मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरून निघून, भूमध्य समुद्र ओलांडून, चीनला वळसा घालून ती जपानच्या खालून दक्षिणेला उतरते, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांना कवेत घेऊन संपते. या आयोगात भारताचे लक्ष्मीकांत झा हे रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर सदस्य होते. आपल्या मुलीला हेही सांगावे की भारत संपूर्णपणे विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे, चीनही. नकाशावरील दिशा म्हणून हा शब्द कधीच खरा नव्हता, आणि आज सिंगापूर किंवा दक्षिण कोरिया पाहिले तर उत्पन्नाची सीमा म्हणूनही ती रेघ उरलेली नाही.

बांगलादेशचे छायाचित्रकार शहीदुल आलम यांनी नव्वदच्या दशकात ‘बहुसंख्याकांचे जग’ हा शब्द सुचवला. आपल्याकडे काय नाही यावरून नव्हे, तर आपण किती आहोत यावरून ओळख व्हावी, हा त्यामागील विचार. तो मला सर्वांत आवडतो, पण त्याच्यावर ना एक टक्का शुल्क कमी होते ना एखादे कर्ज मिळते, आणि म्हणूनच तो फारसा चालला नाही असे मला वाटते.

प्रश्न : म्युच्युअल फंडांच्या माहितीपत्रकांत ‘उदयोन्मुख बाजारपेठा’ असतात. त्या म्हणजेच विकसनशील देश का?

उत्तर : जवळपास, परंतु नेमके ते नव्हे. १९८१ मध्ये जागतिक बँक समूहाच्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात काम करणारे अँटोइन व्हॅन आग्तमाल गुंतवणूकदारांपुढे ‘तिसऱ्या जगाचा समभाग निधी’ मांडत होते. कल्पना चांगली आहे, पण या नावाने ती खपणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले, म्हणून त्यांनी ‘उदयोन्मुख बाजारपेठा’ हा शब्द काढला. तो मालाच्या वेष्टणावरचा शब्द आहे आणि त्याची यादी निर्देशांक बनवणाऱ्या कंपन्या करतात. दक्षिण कोरिया एफटीएसईच्या यादीत विकसित आहे आणि एमएससीआयच्या यादीत अजून उदयोन्मुखच आहे.

प्रश्न : गोव्याचे दरडोई उत्पन्न बिहारच्या कित्येक पट आहे. मग संपूर्ण भारताला एकच विशेषण लावण्यात काय अर्थ? (मडगाव येथील एक वाचक)

उत्तर : अर्थ कमी होत चालला आहे, आणि अभ्यासकांनाही ते ठाऊक आहे. ब्रिटिश अभ्यासक अँडी सम्नर यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की १९९० मध्ये जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक गरीब अल्प उत्पन्नाच्या देशांत राहत होते, आणि २००७-०८ पर्यंत त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहू लागले. माणसे कोठेही गेलेली नव्हती. भारत, नायजेरिया, पाकिस्तान, इंडोनेशिया यांच्यासारखे मोठे देश सरासरीच्या जोरावर रेघ ओलांडून गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे गरीबही कागदावर ‘मध्यम’ झाले. देशाच्या विशेषणावरून मदत ठरवणाऱ्या दात्यांना तेव्हापासून हा प्रश्न सुटलेला नाही.

देशाच्या आत वाटणी मोजण्याचा प्रयत्न महाराष्ट्राने केलेला आहे. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याच्या सरासरीपेक्षा प्रत्येक जिल्हा कोणत्या क्षेत्रात किती मागे आहे याचा हिशेब मांडला, आणि ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्याच्या राजकारणात स्थिरावला. येथे ‘मागास’ असे विशेषण लावून न थांबता सिंचन, रस्ते, वीजपंप यांची तूट आकड्यांत दाखवली गेली, हे मला महत्त्वाचे वाटते. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अनुशेष किती भरून निघाला यावर मतभेद आहेत, पण निदान भांडण तुटीच्या आकड्यावर होते, विशेषणावर नव्हे.

प्रश्न : इचलकरंजीत आमचा यंत्रमागाचा व्यवसाय आहे. बांगलादेश आता ‘सर्वांत कमी विकसित’ राहणार नाही, त्यामुळे आपल्या मालाला फायदा होईल, असे ऐकतो. ते कितपत खरे?

उत्तर : आपला प्रश्न शेवटी घेतला, कारण विशेषण बदलले की काय बदलते हे त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नोव्हेंबर २०२१ मध्ये बांगलादेश, नेपाळ आणि लाओस यांनी पाच वर्षांनी, म्हणजे नोव्हेंबर २०२६ मध्ये, त्या यादीतून बाहेर पडावे असा ठराव केला. बांगलादेशातील उद्योजक मुदत वाढवून मागत आले आहेत, यावरूनच या बढतीची किंमत किती आहे ते कळते. ‘शस्त्रास्त्रांखेरीज सर्व काही’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००१ च्या योजनेखाली युरोपीय संघ या यादीतील देशांचा माल शुल्काशिवाय घेतो, आणि तयार कपड्यांवरील त्याचे एरवीचे शुल्क बारा टक्क्यांपर्यंत जाते. दर्जा गेल्यानंतरही तेथे आणखी तीन वर्षे सूट राहते, म्हणून फरक एका रात्रीत दिसणार नाही. औषधांचे तसेच : या यादीतील देशांना औषधांच्या पेटंटपासून २०३३ पर्यंत मोकळीक आहे, ती बाहेर पडणाऱ्याला उरत नाही.

आपल्या व्यवसायाला मात्र शुल्कापेक्षा उगमाचा नियम अधिक लागू होतो. आज बांगलादेशाने कापड बाहेरून आणून केवळ शिवले, तरी तो कपडा ‘बांगलादेशी’ म्हणून युरोपात शुल्कमुक्त जातो. पुढची जी सवलत योजना त्या देशाला मागता येईल, तीत दोन प्रक्रिया, म्हणजे विणणे आणि शिवणे, देशातच व्हाव्या लागतात. सूत बाहेरचे चालते. त्यामुळे तेथे कापड पाठवणाऱ्याची मागणी घटू शकते आणि सूत पाठवणाऱ्या गिरणीची टिकू किंवा वाढू शकते. दक्षिण आशियातील शेजाऱ्यांचा कच्चा माल काही अटींवर स्वतःचाच धरण्याची सोय युरोपीय नियमांत आहे, तिचा उपयोग भारतीय कापडासाठी कितपत करून घेता येतो यावर बरेच अवलंबून राहील. दुसरीकडे, तयार कपडे थेट युरोपात पाठवणाऱ्या तिरुपूर किंवा बंगळुरूच्या निर्यातदाराला स्पर्धा सोपी होईल, आणि ते आपले कापड घेत असतील तर त्या वाटेने आपल्यालाही लाभ पोहोचेल. आपल्या कापडापैकी किती बांगलादेशात जाते आणि किती देशातील शिलाई उद्योगाकडे, हे आधी आपल्या विक्रीच्या वहीत पाहावे. पहिला आकडा मोठा असेल, तर २०२९ पर्यंतची तीन वर्षे नवे गिऱ्हाईक शोधण्यासाठी आहेत असे समजावे.